मेलबर्नला माझी लस चालत नव्हती

मला वाद घालायला आवडतं. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईने लपवून ठेवलं. तेहतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं मुलांना वादविवाद स्पर्धेसाठी तयार केलं. अनुकूल बाजूचा मुलगा ऐनवेळी आजारी पडला, तर प्रतिकूल बाजूच्या राखीव मुलाला मी दहा मिनिटांत फिरवून उभं करायचे. निवृत्त झाले तेव्हा स्पर्धा सुटल्या, सवय सुटली नाही. खारघरच्या आमच्या सोसायटीत मी लिफ्टमध्ये शिरले की लोक मोबाईलमध्ये डोकं घालतात, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. मला ते मान्य नाही. लिफ्टमध्ये सगळेच मोबाईल बघतात.

तर कोरोना आला तेव्हा मी सोसायटीच्या कमिटीवर होते, आणि खरं सांगायचं तर माझे दिवस भरभराटीचे होते. सरकारने जे नियम केले त्यांच्यावर मी आमचे वेगळे केले. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या. पेपर चार तास उन्हात. बाहेरून येणाऱ्याने गेटवर नाव लिहायचं ते स्वतःच्या पेनने, आणि पेन नसेल तर परत जायचं. आमचे चेअरमन म्हणजे निवृत्त इंजिनिअर, ते म्हणायचे की हा सगळा बाऊ आहे, साध्या सर्दीला एवढं कशाला डोक्यावर घ्यायचं. मी त्यांना ग्रुपवर सात मुद्द्यांत उत्तर द्यायचे. ते अंगठा पाठवायचे, खाली केलेला.

नवरा कळंबोलीला, लोखंडाच्या मार्केटमध्ये एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाला. ट्रक सुरू झाले तसं त्यांना जावं लागलं. दहा राज्यांतले ड्रायव्हर तिथे उतरतात म्हटल्यावर मी दाराच्या कडीला सॅनिटायझरची बाटली बांधून ठेवली. एक दिवस ते आले आणि दारातच शिंकले. मी त्यांना थेट आतल्या खोलीत घातलं आणि चौदा दिवस बाहेर काढलं नाही. ताट दाराशी ठेवायचं, कडी वाजवायची, मागे सरकायचं. धुळीची शिंक आहे, असं ते आतून सांगत राहिले. पंधराव्या दिवशी दार उघडलं तर माणूस चक्क गुबगुबीत झालेला. लग्नानंतर एवढी शांतता पहिल्यांदा मिळाली, म्हणाले, अजून आठवडाभर वाढवता येईल का ते बघ. मी ते विनोद म्हणून सोडून दिलं.

आमची मुलगी मेलबर्नला. एकुलती एक. तिथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते, जावई कॉम्प्युटरमधले. आमच्याकडे दुकानं उघडायला लागली आणि नेमकं तेव्हा त्यांचं शहर बंद झालं. बंद म्हणजे काय, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, दिवसातून एक तास व्यायामाला बाहेर, रात्री संचारबंदी. आपल्याकडे संचारबंदी असली तरी माणूस निदान खाली पानाच्या टपरीपर्यंत जाऊन पोलिसाचा मूड बघून येतो. तिकडे तसं नाही. तिकडे नियम म्हणजे नियम. मला तर ते फारच आवडलं.

त्यांचे मुख्यमंत्री की काय ते, प्रीमियर म्हणतात त्यांना, रोज पत्रकारांसमोर उभे राहायचे. तिकडची सकाळ उलटायला आली की आपल्याकडे चहाची वेळ. मी गॅसवर चहा चढवायचे आणि मोबाईल डब्याला टेकवून त्यांना ऐकायचे. पत्रकार उलटसुलट प्रश्न विचारायचे, ते सगळ्यांना उत्तरं द्यायचे, संपवायचं नाव कुणी काढायचं नाही. मी कितीतरी वेळा चहा उतू घालवला. नवी मुंबईत बसून मेलबर्नचे आजचे आकडे तोंडपाठ असलेली बाई मी एकटीच असेन. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी दर दोन वाक्यांनी म्हणायचे, ऑस्ट्रेलियात बघा. शेवटी चेअरमननी विचारलं, मॅडम, आपला मेंटेनन्स कोणत्या देशात भरता?

तिकडे घराघरात ह्या बंदवरून वाद पेटला होता, आणि आमच्या मुलीच्या घरातही. मुलगी बंदच्या बाजूची, कारण ती रोज नमुने तपासत होती. जावई बंदला वैतागलेले. घरात कोंडून कोंडून माणसं वेडी होतील, लहान धंदे मरतील, पोरं मैदानाविना वाढतील, असं त्यांचं. तिकडे लोक मोर्चे काढत होते, कुणी लशीवर संशय घेत होतं, कुणी पोलिसांवर. व्हिडिओ कॉल लागला की अर्ध्या मिनिटात ह्या दोघांची जुंपायची. माझ्यातली मास्तरीण जागी व्हायची. मी मध्ये पडून दोघांना तीन तीन मिनिटं द्यायचे आणि शेवटी निकाल सांगायचे. मांडणी जावयांची चांगली, पण पुरावे कमी. मुलीचे पुरावे भक्कम, पण आवाज चढतो. मग मी माझे मुद्दे मांडायचे, ते तीन मिनिटांत बसायचे नाहीत. जावई हसायचे. मुलगी हळूहळू हसेनाशी झाली, पण माझं लक्ष मुद्द्यांकडे होतं.

मग लस आली. आपल्याकडे दोन आल्या. एक सगळी आपल्या मातीतली, शोधली इथे आणि बनवली इथे. दुसरी बनवलेली आपल्याकडेच, पण शोध बाहेरचा. कुठल्या केंद्रावर कुठली मिळेल ते नशीब, पण माणसं फोन करकरून विचारायची. मी फॅमिली ग्रुपवर मोठा लेख टाकला. स्वदेशीवर. चळवळीच्या दिवसांपासून सुरुवात करून थेट दंडात सुई घुसेपर्यंत. लेखाचा शेवट असा होता की ज्याला जी घ्यायची ती घ्यावी, पण आरशात बघताना मान ताठ राहील अशी घ्यावी. नातेवाइकांनी टाळ्या पाठवल्या. आमच्या विहीणबाईंनी फक्त हात जोडलेले पाठवले.

विहीणबाई पनवेलला राहतात, एकट्याच असतात. गरीब स्वभावाची बाई. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण त्या ‘हो का?’ म्हणतात आणि तिथेच थांबतात. मी त्यांना फोन करून विचारलं, कोणती घेणार? म्हणाल्या, बिल्डिंगखालच्या डॉक्टरांकडे जी आली ती परवाच घेतली. कोणती, तर त्यांना आठवेना. कागद बघून सांगितलं. दुसरी. मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं की नागरिकाने काय विचार करून निवड करावी. त्या म्हणाल्या, ‘हो का?’

मी मात्र चौकशी करून करून पावणे गावाच्या बाजूला एक केंद्र शोधलं, जिथे आमचीवाली मिळत होती. नवऱ्यालाही बरोबर ओढलं. दोन्ही बाजूंना कारखाने, मध्ये जुनं गाव, आणि गावाच्या शाळेत केंद्र. तिथली नर्स गावचीच, घारी, ठसकेबाज. मी तिला विचारलं की नक्की हीच लस आहे ना, बाटली दाखवता का. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ‘मावशी, हितं जी हाय ती हाय. बाटली काय, खोकं पन दाखवते. पन हात सोरा ना आधी.’ मी घट्ट धरलेला दंड सोडला. दोन्ही डोस तिच्याच हातचे. दोन्ही वेळा मी दंडावर कापूस दाबून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

दोन डोसांच्या मध्ये ती लाट येऊन गेली. त्याबद्दल गंमतीने काही लिहिता येत नाही. सायन–पनवेल हायवेवरून दिवसभर सायरन वाजायचे. आमचे चेअरमन, साध्या सर्दीवाले, एका मंगळवारी खोकत खाली उतरले, अॅम्ब्युलन्समध्ये स्वतः चढून बसले आणि परत आले नाहीत. आदल्या दिवशीच त्यांनी ग्रुपवर काहीतरी टाकलं होतं, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे चार मुद्दे लिहून तयार होते. मी ते कितीतरी दिवस पुसले नाहीत. मला त्या माणसाचा राग यायचा, आणि तो गेल्यावर मला कळलं की मला तो आवडायचा. त्यांच्या बायकोला मी रोज डबा दिला.

आणि त्याच दिवसांत मुलीचा फोन आला की तिला दिवस गेलेत. तिसरा महिना संपत आला होता. एवढ्या काळोखात ती एवढी मोठी आनंदाची गोष्ट, मी रडले, हे रडले, जावई तिकडे रडले. मग मी डोळे पुसून बोटांवर महिने मोजले आणि जाहीर केलं की दिवाळीनंतर मी मेलबर्नला. पहिलं बाळंतपण माहेरचं. ती इथे येऊ शकत नाही तर माहेर तिकडे जाईल. ह्यात वाद नाही.

वाद होता. ऑस्ट्रेलियाने दारं बंद करून घेतली होती. इतकी, की भारतातून येणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या नागरिकांनासुद्धा मध्यंतरी तुरुंगाची भीती घातली. स्वतःच्या माणसांना. हे मी चहा ढवळता ढवळता ऐकलं आणि चमचा ओट्यावर आपटला. ज्या देशाच्या कडकपणाची मी वर्षभर उदाहरणं देत होते, तिथलं सरकार मला एका सकाळीत हुकूमशाही वाटायला लागलं. हा कसला देश, हा कसला नियम, आई-बापांनी काय करायचं? जावई म्हणाले, आई, मी गेलं वर्षभर हेच म्हणत होतो. मी म्हटलं, तुमची मांडणी कमी पडली.

माझं मत बदललं असं लोक म्हणतील. मत तेच होतं. मुलीला दिवस गेले होते.

पुढचे महिने मी त्या सरहद्दीच्या उघडझापीवर जगले. तिकडे पुन्हा शहर बंद, पुन्हा मोर्चे, पुन्हा तेच सगळं. मुलीचं पोट दिसायला लागलं. ती थकल्यासारखी दिसायची. मी तिला कॉलवर सांगायचे, हे खा, ते खाऊ नको, डॉक्टरांना हा प्रश्न विचार, त्यांनी असं उत्तर दिलं तर तू तसं म्हण. ती म्हणायची, बरं. पूर्वी ती निदान उलटं बोलायची.

नवरात्र संपता संपता बातमी आली की तिकडे राहणाऱ्यांच्या आईवडिलांना आत घेणार. दोन्ही डोस झालेले हवेत, म्हणजे कोंडून ठेवणार नाहीत. मी देवापुढे साखर ठेवली. मग जावयांनी लशींची यादी पाठवली. यादीत विहीणबाईंची होती. आमची नव्हती.

मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. नवऱ्याला चष्मा लावून वाचायला लावली. नव्हतीच. म्हणजे आमची लस वाईट असं कुणी म्हणत नव्हतं, त्यांचे कागद अजून तपासून व्हायचे होते एवढंच. पण तोवर ऑस्ट्रेलियाच्या लेखी मी लस न घेतलेली बाई. मी. जिने फोटो काढून जगाला दाखवले ती. तिकडे जे लोक लस नको म्हणून रस्त्यावर ओरडत होते, त्यांच्या रांगेत मला नेऊन बसवलं. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याच्या लक्षात आलं की तोही माझ्यामागे रांगेत उभा होता.

मी दुसऱ्या दिवशी पावण्याला गेले. म्हटलं, दुसरी लस पण द्या, होऊन जाऊ दे. तीच नर्स. तिने मोबाईलवर माझं नाव पाहिलं, दोन हिरव्या खुणा पाहिल्या. म्हणाली, ‘मावशी, जेवन झालाय तुमचा. आता दुसऱ्या हाटेलात जाऊन परत थाली नाय मिलनार.’ मी तिला माझी अडचण सांगितली. मुलगी, पोट, ऑस्ट्रेलिया, सगळं. तिने माझं ऐकलं, रांग थांबवून ऐकलं, आणि मग विचारलं, तिची सासू हाय ना? मंग ती जाईल ना. एवढं काय. मी तिथून निघाले ती तावातावाने चालतच रिक्षा स्टँडपर्यंत आले. रिक्षाची रांग दिसली तेव्हा आठवलं की रिक्षा मी केंद्राबाहेर थांबवून ठेवली होती.

कारण तेच तर होतं. विहीणबाईंची लस चालत होती. ज्या बाईला कोणती घेतली हे कागद बघून सांगावं लागलं, ती माझ्या मुलीच्या बाळंतपणाला जाणार, आणि मी जिने चळवळीपासून विचार केला ती इथे बसून हात चोळणार. मी ऑस्ट्रेलिया सरकारच्या खात्याला इंग्रजीत पत्र लिहिलं. चार पानी. मग दुसरं. प्रत्येक वेळी आपोआप येणारं उत्तर यायचं की आपला संदेश मिळाला. मी त्या आपोआपच्या उत्तरालाही उत्तर दिलं. नवरा म्हणाला, तिकडच्या यंत्राचीसुद्धा आता लिफ्टमधल्यासारखी मान खाली गेली असेल.

विहीणबाईंचा अर्ज मंजूर झाला. दिवाळीनंतरचं तिकीट. त्यांनी फोन केला, आवाज अपराध्यासारखा. मी कोरडेपणाने अभिनंदन केलं आणि फोन ठेवून रडले, अगदी हुंदके देऊन. माझी मुलगी पहिल्यांदा आई होणार आणि तिच्या उशाशी मी नाही. सरकारं, लशी, मोर्चे गेले खड्ड्यात. मला तिच्या उशाशी बसायचं होतं.

आणि मग वसुबारसेच्या सकाळी, मी चकलीची भाजणी मळत असताना, बातमी आली. आमची लस यादीत आली. पिठाने भरल्या हातांनी मी तसाच फोन घेतला, तो अजून थोडा पिवळा आहे. मुलीला म्हटलं, बघ, झालं की नाही, मी म्हणत होतेच, शास्त्र हे शास्त्र असतं, आता मी आजच अर्ज करते, विहीणबाईंना म्हणावं तिकीट पुढे ढकला, त्या नंतर येऊ देत, पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे असतात.

पलीकडे टीव्ही चालू होता, तो तिने बंद केला. मला वाटलं कट झाला.

‘आई,’ ती म्हणाली, ‘तू नंतर ये.’

मी म्हटलं, का? लस तर चालतेय आता. ती म्हणाली, लशीचा प्रश्न नव्हता. तिने सासूबाईंना आधीच विचारलं होतं. ती यादी यायच्याही आधी, उन्हाळ्यात. आमची लस चालत नाही हे कळलं तेव्हा तिला वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं, कारण मग मला सांगावं लागणार नव्हतं.

‘तू आलीस की मला सारखं उत्तर देत बसावं लागतं,’ ती म्हणाली. ‘मला आत्ता कुणाला उत्तरं द्यायची नाहीत. त्या नुसत्या बसतात शेजारी.’

मी म्हटलं, बरं. आणि फोन ठेवला.

चकल्या सगळ्या तुटल्या. मी त्या तशाच तळल्या. दोन दिवस मी घरात बोलले नाही. नवरा आधी खूश दिसला, मग घाबरला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने स्वतःहून विषय काढला की गॅसचे भाव सरकारने वाढवले ते योग्यच आहे, म्हणजे मी निदान त्याला झोडपावं. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि काही बोलला नाही, बराच वेळ. मला बरं वाटलं. आणि ते बरं वाटल्याचाच मला फार राग आला, कारण मुलगी काय म्हणत होती ते त्यात कळलं.

भाऊबीज झाल्यावर विहीणबाई आल्या. हातात दुधी. त्यांच्या गच्चीवर वेल आहे, त्या कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, ‘ताई, मला बाळाला आंघोळ घालता येत नाही. शिकवता का?’

मला वाटलं चेष्टा करतायत. पण नाही. एकच मुलगा, त्या वेळी घरात सासू, जाऊ आणि मालीशवाली बाई. ह्यांच्या पायावर बाळ कुणी दिलंच नाही. आता तिकडे मालीशवाली नाही, कुणी नाही, आणि सुनेला कसं सांगायचं की मला येत नाही. रात्र रात्र झोप लागत नाही, म्हणाल्या. हे बोलताना त्यांचे डोळे भरले. मी त्या बाईला गेला महिनाभर मनातल्या मनात हरवत होते, आणि ती माझ्या सोफ्यावर बसून स्वतःच हरून मोकळी झाली होती.

मी उठले. बाथरूममध्ये पाट मांडला, त्यांना पाटावर बसवलं, पाय लांब करायला लावले आणि त्यांच्या पायांवर तो दुधी ठेवला. वजनाला अगदी नवजात बाळासारखा. आधी तेल. मान कुठली, तर देठाकडची. देठ तळहातावर, अंगठा इकडे, बोटं तिकडे. त्यांनी इतकं तेल चोळलं की पालथा करताना बाळ सुळकन निसटलं आणि बादलीत पडलं. विहीणबाई किंचाळल्या. नवरा धावत आला, दारात उभा राहिला, दोन विहिणी आणि बादलीतला दुधी बघून म्हणाला, शुद्धीवर आहे ना तो? आम्ही दोघी पाटावर हसत सुटलो, इतक्या की उठता येईना. पाच वेळा आंघोळ घातली. पाचव्या वेळी जमली. संध्याकाळी त्याचाच हलवा केला, तो मात्र विहीणबाईंनी खाल्ला नाही. म्हणाल्या, जिवावर येतं.

जाताना दारात मी त्यांना विचारलं की तुम्हाला माहीत होतं का, तिने मला नको म्हटलं ते. त्या चपला घालत म्हणाल्या, तिला तुम्ही नको नव्हतात हो. तिला थोडी झोप हवी होती. मग त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

नात झाली. आधी फोन जावयांचा आला, मग फोटो, मग दोन दिवस काही नाही. मी फोन केले नाहीत. केवढं सोसलं त्यात, ते मला माहीत आणि आमच्या ह्यांना माहीत. फोन हातात घ्यायचा, ठेवायचा. भाजी चिरायची, फोन बघायचा.

दहाव्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मुलीने फोन धरला होता आणि समोर विहीणबाई, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, पाय लांब करून, पायांवर माझी नात. आंघोळ चालली होती. नात बेंबीच्या देठापासून रडत होती, लालबुंद, मुठी आवळून. मी बघितलं तर डोकं जास्त खाली गेलेलं, पाणी आधी कपाळावर, टॉवेल पार तिकडे दारामागे, खिडकी उघडी, आणि तेल कानात जाणार आता. विहीणबाईंनी वर पाहिलं. कपाळावर घाम. ‘ताई, जमतंय ना?’

‘छान जमतंय,’ मी म्हटलं.

मग मी गप्प बसले. त्यांनी पाणी घातलं, पुसलं, दुपट्यात गुंडाळलं, आणि नात एकदम शांत झाली. अजूनही मी गप्पच होते. मुलीने फोन स्वतःकडे वळवला. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. ती माझ्याकडे निरखून बघत होती. तिने विचारलं, रेंज गेली का तुझी? मी मान हलवली, नाही, आहे रेंज. ती तरीही बघतच राहिली, आणि मग तिचे डोळे भरून आले.

‘आई,’ ती म्हणाली, ‘तू आत्ताच ये ना. ह्या असतानाच ये.’

अर्ज किती दिवसांत होतो, जागा आहे का, मी कुठे झोपणार, नियम पुन्हा बदलले तर काय, आणि आधी नको म्हणालीस ते का, असे सगळे प्रश्न माझ्या तोंडाशी आले. मी म्हटलं, ‘येते.’